बाबांना सांगितलेला अर्थ

अमरावतीला पाऊस लागला की आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या जिन्यावर काळ्या मातीचे ठसे उमटू लागतात. चांदूर बाजारकडून, वलगावकडून येणारी मुलं-मुली एसटीतून उतरतात ती तळव्यांना चिखल घेऊनच. शिपाई रोज ओरडतो, मुलं रोज हसतात, आणि मी भिंतीच्या कडेनं, साडी सावरत वर जाते. वर्गात ओल्या दप्तरांचा वास असतो. पंखा फिरतो, पण वारा लागत नाही.

याच दिवसांत अकरावीला इंग्रजी वाक्प्रचार शिकवायचे असतात. अर्थ, उगम, वाक्यात उपयोग. मला तो तास आवडतो. परक्या भाषेतले शब्द कुठून चालत आले, वाटेत त्यांचं काय काय झालं, हे सांगायला लागलं की मुलं खिडकीबाहेर बघायची थांबतात. फक्त एक वाक्प्रचार मी गाळते. 'स्टिक इन द मड'. पुस्तकात तो बाराव्या क्रमांकावर आहे. मी अकरावरून सरळ तेरावर जाते. यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, बारावं राहिलं नं?"

मी म्हटलं, "परीक्षेत येत नाही ते."

तेही खोटंच होतं.

ज्या पावसाळ्याची ही गोष्ट आहे, त्या पावसाळ्यात मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शिकायला अमरावतीला, हॉस्टेलवर. शनिवारी दुपारच्या गाडीनं अकोल्याला घरी. घर जठारपेठेत. पुढच्या मोठ्या खोलीत बाबांचं टायपिंग इन्स्टिट्यूट आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, बाबा, आई आणि मी. मधे विटांची भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं. सोळा मशीन एकदम चालायला लागली की मागच्या खोलीत फडताळातली ताटं बारीक थरथरायची. मी त्या आवाजात झोपले, अभ्यास केला, रुसले, जेवले. हॉस्टेलवर पहिल्या रात्री मला झोप आली नाही ती शांततेमुळे.

पावसाळ्यात त्या खोलीला वेगळाच वास यायचा. रिबनची शाई, मशीनमध्ये घालायचं तेल, दाराशी टेकवलेल्या ओल्या छत्र्या. कागद दमट होऊन फुगायचे आणि रोलरवर तिरके बसायचे. एखाद्या अक्षराची दांडी वर जायची ती खाली यायलाच तयार नसायची. मग बाबा येऊन करंगळीनं ती हळूच खाली लावायचे, झोपेतल्या लेकराचा हात पांघरुणात घालावा तशी. बार्शीटाकळीची, मूर्तिजापूरची मुलं-मुली दारात चपला काढायची आणि आई खराट्यानं पायरीवरचा चिखल लोटत राहायची. दरवर्षी टायपिंगची परीक्षा उन्हाळ्यात होई. त्या वर्षी ती काही कारणानं लांबली आणि पावसात आली. त्यामुळे माझ्या आठवणीत परीक्षेचा आणि पावसाचा आवाज एकमेकांत मिसळून गेलेला आहे.

बाबा अंजनगाव सुर्जीजवळच्या एका खेड्यातले. आजोबा लोकांच्या शेतात आणि पानमळ्यांत राबायचे. बाबा मॅट्रिक झाले, अकोल्याला आले, टायपिंग शिकले आणि मिनिटाला साठ शब्दांवर गेले. त्यांना एका कचेरीत नोकरी लागली होती. ती त्यांनी दोन वर्षांत सोडली आणि स्वतःची खोली मांडली. काहून सोडली, असं मी लहानपणी विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, "मी एकटा खुर्चीवर बसलो असतो वं. इथून चाळीस जन दरसाल खुर्चीवर बसतात."

आमच्या वस्तीतल्या, गावाकडच्या किती घरांत त्यांच्यामुळे पहिला सरकारी कर्मचारी निघाला याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. पण त्यांचं एक म्हणणं ठरलेलं होतं. नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी मशीनसमोर बसवून ते सांगायचे, "पाय बापा, हे मशीन हाय. हेले आडनाव इचारता येत नाई. बोट बरोबर पडलं तं अक्षर बरोबर."

गंमत अशी, की बाबांच्या बोटांना इंग्रजी येत होतं, बाबांना येत नव्हतं. कुठलाही उतारा द्या, ते एकही चूक न करता उतरवत. स्पेलिंग त्यांना पाठ होती, अर्थ नव्हते. 'युवर्स फेथफुली' त्यांनी आयुष्यात लाख वेळा टाइप केलं असेल. मी बारावीत असताना एकदा त्यांनी विचारलं, "ह्या फेथफुलीचा अर्थ काय होते?" मी सांगितला. ते म्हणाले, "चांगला हाय." त्या दिवसापासून मी त्यांची डिक्शनरी झाले. शनिवारी मी घरी आले की आठवडाभरात अडलेले शब्द ते चिठ्ठीवर लिहून ठेवलेले असायचे. मी इंग्रजी घेतलं ते बरंचसं त्या चिठ्ठ्यांमुळे.

त्याच वर्षी कळलं होतं की मशीनवरची परीक्षा बंद होणार. पुढे सगळं संगणकावर. ज्यांना इन्स्टिट्यूट चालवायचं आहे त्यांनी संगणक बसवावेत आणि नव्यानं मान्यतेसाठी फॉर्म भरावा, मुदत ऑगस्टअखेर. जठारपेठेतल्या बाकीच्यांनी लगेच भरले. बाबा फॉर्म घेऊन आले होते, पण तो कपाटावर पडून होता. आई म्हणायची, मी म्हणायचे. ते आमचं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "कॉम्प्युटरवर चुकी केली की मांगं जाऊन खोडता येते. मंग हाताले काहून लागन बरोबर जाची सवय? इथं चुकी झाली तं थे कागदावर राह्यते. उद्या बी दिसते. म्हनून पोट्टे शिकतात."

मला ते पटायचं नाही, आणि बाबांना मी तसं स्पष्ट सांगतही होते. नेमकं त्या एका शनिवारी मात्र सांगितलं नाही.

परीक्षेच्या आधी केंद्र पाहायला एक निरीक्षक साहेब आले होते. बाहेरचे, मोठे गोड बोलणारे. त्यांनी मशीन पाहिली, चहा घेतला, फॉर्मचं विचारलं. बाबांनी आपलं ते कागदावरच्या चुकीचं म्हणणं सांगितलं. साहेब हसले, बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलून गाडीत बसले. बाबांना त्यातले चार शब्द कळले. ते त्यांनी लगेच उतरवून घेतले, स्पेलिंगसकट बरोबर.

मी शनिवारी पोचले तेव्हा चार वाजले होते. पाऊस नुकताच थांबला होता, बॅच सुटली होती. बाबा रिबन बदलत बसले होते, बोटं काळी-लाल झालेली. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली.

"सुजाता, 'स्टिक इन द मड' म्हंजे काय वं?"

"कोन म्हनलं?"

"सायेब. मले म्हनले. खांद्यावर हात ठेवून."

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. चाळीस वर्षांत कुठल्या साहेबानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. ते हसत नव्हते, पण हसू अगदी कडेला येऊन उभं होतं. मला अर्थ माहीत होता. नव्याला नाक मुरडणारा, जागचा न हलणारा, दुसऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतणारा कंटाळवाणा माणूस. उगमही माहीत होता. त्याच महिन्यात वाचला होता. यातलं 'स्टिक' म्हणजे काठी नव्हे, ते क्रियापद आहे, रुतून बसणं. इंग्रज लोक आधी काट्यांत अडकण्याचं, चिकणमातीत रुतण्याचं बोलत; अडचणीत सापडून पुढे जाता न येणं, एवढाच त्याचा अर्थ. पुढे काटे गेले, चिखल राहिला, आणि तीनएकशे वर्षांपूर्वी ते माणसाला चिडवायचं नाव झालं. पाय रुतला हा अपघात होता, तो त्या माणसाचा दोष ठरला.

हे सगळं जिभेवर होतं. मी म्हटलं, "चांगलं म्हनले तुमाले. स्टिक म्हंजे काठी नं. चिखलात रोवलेली काठी. कितीबी पानी येवो, जागा सोडत नाई असा मानूस."

"असं?"

"हो. पहिले तिकडे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, काठ्या रोवून ठेवत. पूर आला तरी धुरा कुठं हाय थे त्या काठीवरून समजे. तेच्यावरून आलं."

उगम मी जागच्या जागी रचला. इतका सफाईनं रचला की मलाच कौतुक वाटलं. बाबा काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग रिबनच्या चकतीकडे बघत म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्टिशनपलीकडे एकच मशीन वाजत होतं. मी जाऊन पाहिलं तर बाबांनी जाड कार्डावर ते चार शब्द मोठ्या अक्षरांत, लाल रिबननं टाइप केले होते आणि खाली काळ्यात मराठी मशीनवर मी सांगितलेला अर्थ. ते कार्ड त्यांनी घड्याळाखाली चिकटवलं. आई म्हणाली, "काय लावलं हे?" बाबा म्हणाले, "सायबानं देल्लं सर्टिफिकेट."

त्यानंतरचे आठवडे बाबांचे फार चांगले गेले. हे लिहिताना जड जातं, पण खरं आहे. ते सकाळी लवकर दाढी करायचे. शेवटची बॅच म्हणून जीव तोडून शिकवायचे. कोणी संगणकाचा विषय काढला की बोटानं कार्ड दाखवायचे. मी शनिवारी आले की म्हणायचे, "काय म्हनते तुयं इंग्रजी?" आणि मी बरं चाललंय म्हणायचे. पाऊस थांबत नव्हता. मोर्णा नदीला पाणी आलं होतं, मुलं पुलावर थांबून बघून यायची आणि उशिरा आल्याबद्दल बोलणी खायची. ओल्या पोरांच्या बोटांतून पाणी की-बोर्डवर पडायचं आणि बाबा खांद्यावरच्या पंच्यानं ते टिपायचे. मी स्वतःला सांगत होते, एक माणूस एवढा खुशीत असेल तर त्यात वाईट काय?

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मी मागच्या खोलीत नोट्स काढत होते. पलीकडे बॅच सुरू होती. पल्लवी नावाची एक मुलगी होती, पातूरकडची, हुशार. टायपिंगबरोबर स्पर्धा परीक्षेचीही तयारी करायची. मशीनचा आवाज थांबला आणि तिचा आवाज आला.

"सर, थे कार्डावर चुकीचं लिवलं हाय."

"कोनतं?"

"थे स्टिक इन द मड. आमच्या पुस्तकात वाक्प्रचाराच्या यादीत हाय. येचा अर्थ जुन्याले चिकटून बसनारा, सुस्त मानूस असा हाय. चांगला अर्थ नाई तो."

दोघी-तिघी हसल्या असतील, हळू. मग बाबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"माई पोरगी एम.ए. करून राह्यली इंग्रजीत. थे खरं सांगन का तुयं पुस्तक?"

"तसं नाई सर..."

"पुस्तकात चुकी असन. छापनारे बी मानसंच असतात. चाल, मशीन चालव."

मशीन पुन्हा सुरू झाली. मी पार्टिशनच्या अलीकडे, हातात पेन, तशीच बसून राहिले. चार पावलं होती. पडदा बाजूला करून म्हणायचं होतं, बाबा, पल्लवी बरोबर हाय. पोरांसमोर त्यांचा अपमान होईल असं मी स्वतःला सांगितलं. बॅच सुटल्यावर सांगू म्हटलं. बॅच सुटली, बाबा आत आले, पाणी प्यायले, माझ्याकडे पाहिलं. ते विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. फॉर्मच्या मुदतीला तेव्हा चार दिवस बाकी होते.

पुढच्या शनिवारी घड्याळाखाली फक्त डिंकाचा डाग होता.

मान्यता गेली. त्या परीक्षेचा निकाल चांगला लागला, पल्लवी पहिली आली, पेढे घेऊन आली आणि बाबांच्या पाया पडून रडली. त्यानंतर नवीन कोणी आलं नाही. मशीनवर झाकणं पडली. पावसाळा सरला, दिवाळी झाली, पार्टिशनपलीकडे शांतता इतकी झाली की आई स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवायची. जवळच्याच एका संगणक क्लासनं बाबांना शिकवायला बोलावलं. ते अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी गेले नाहीत. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "पोट्टे चुकी करतात, पुसून टाकतात, मंग म्हनतात सर पाहा. मी काय पाहू?" मी म्हटलं, होईल हळूहळू सवय. ते म्हणाले, "माई बी गरज नाई तिथं, सुजाता."

दोन वर्षांनी मशीन मोडीत निघाली. मी तेव्हा नोकरीला लागले होते, सुट्टी घेऊन आले. दोन माणसं एकेक मशीन उचलून बाहेरच्या गाडीत ठेवत होती. प्रत्येक मशीनखाली आवाज कमी व्हावा म्हणून नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा असायचा. बाबांच्या स्वतःच्या मशीनखालचा तुकडा उचलला तेव्हा त्याखाली घडी घातलेला कागद निघाला. तो मान्यतेचा फॉर्म होता. रिकामा नव्हता. सगळे रकाने टाइप केलेले, एकही चूक नाही, खाली सही. सहीवर तारीख होती, मी त्यांना अर्थ सांगितला त्याच्या आदल्या दिवसाची, शुक्रवारची.

म्हणजे बाबा तयार झाले होते. शनिवारी मी घरी आले नसते तर सोमवारी तो गेला असता.

माझ्या हातातला कागद त्यांनी पाहिला. मी तिथंच, त्या माणसांच्या येरझाऱ्यांत, रडत रडत सगळं सांगितलं. खरा अर्थ, खरा उगम, मी रचलेली ती काठी. बाबा खुर्चीवर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मले मालूम होतं."

"पल्लवीनं सांगतलं तेवापासून?"

"नाई. पहिलेपासून." ते गाडीकडे बघत होते. "सायेब हासून राह्यला होता बोलतानी. तारीफ करतानी मानूस असा नाई हासत. अन् तू म्हनली काठी. मी काया मातीतला मानूस हाव, सुजाता. पावसायात काया मातीत काठी ठरते का वं? तिरपी होते अन् पडते."

"मंग काहून मानलं तुमी?"

एक मशीन बाहेर जाताना त्याची घंटी वाजली, ओळ संपल्यावर वाजते तशी.

"मले वाटलं, माया कानापेक्षा तुले जास्त समजते," बाबा म्हणाले. "फॉर्म भरला होता, पन मन मानत नवतं. तू सांगतलं तेवा म्हटलं, पाय, शिकलेली पोरगी बी म्हनते जागा सोडू नोको."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उठून फॉर्मची पुन्हा घडी घातली आणि ती ठेवायला जागा शोधत राहिले. खोलीत एकही मशीन उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी तो आईच्या हातात दिला, आणि आईनं काही न विचारता चुलीजवळच्या रद्दीत ठेवला.

क्षमा मागितली की काहीतरी सुटतं असं मला वाटायचं. काही सुटलं नाही. मी मुलांना शिकवते की शब्दाचा अर्थ लोक वापरतात तसा ठरतो, चुकीचा वापरला तरी काळानं तो बरोबर होतो. शब्दांच्या बाबतीत ते खरं आहे. त्या दोन महिन्यांत एका खोलीपुरता, घड्याळाखालच्या एका कार्डापुरता मी एका वाक्प्रचाराचा अर्थ बदलला होता, आणि जगात कुठेही तो तसा नव्हता. माणसाला त्याच्या भल्यासाठी खोटं सांगितलं असंही मला म्हणता येत नाही. मी त्यांच्या भल्यासाठी बोलले नव्हते. तो चेहरा पडताना मला बघायचा नव्हता, एवढंच.

आई गेल्यावर मी बाबांना अमरावतीला आणलं. जठारपेठेतलं घर सोडायचं का, विचारलं तर म्हणाले, सोड. डोळ्याचं ऑपरेशन करायचं का, तर कर. जेवायला भाकर की पोळी, तर जे असन ते. नवा फोन दिला, घेतला. तो परत नेऊन दुसरा दिला, तोही घेतला. शेजारच्या बाई म्हणतात, तुमचे बाबा किती समजूतदार, या वयात माणसं किती हट्ट करतात. मी मान हलवते. कधी कधी मी मुद्दाम त्यांना न आवडणारं काही करते. टीव्हीवर नको तो कार्यक्रम लावते, भाजीत मीठ घालत नाही. ते बघतात, खातात, ताट धुऊन ठेवतात.

मागच्या रविवारी त्यांना चिखलदऱ्याला नेलं. यायचं का म्हटलं, तर चप्पल घालून दाराशी उभे राहिले. वर धुकं होतं, दरी दिसत नव्हती, पाऊस सरळ पडत नव्हता, अंगाभोवती फिरत होता. एका टपरीवर आडोशाला बसलो. चहा की कॉफी, विचारलं. "काईबी," म्हणाले. त्यांनी जन्मात कॉफी घेतली नव्हती. मी कॉफी सांगितली, त्यांनी ती संपवली. मग मी पाहिलं, त्यांचे ओठ निळसर झाले होते आणि हातातला रिकामा पेला हलत होता. स्वेटर पिशवीत होता, त्यांच्याच मांडीवर.

"बाबा, थंडी वाजून राह्यली का तुमाले?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चष्म्यावर धुकं साचलं होतं.

"तुले काय वाटते?" बाबांनी विचारलं, आणि मी सांगेपर्यंत तसेच थांबून राहिले.